डाव्या खांद्यासाठी लिव्हर-अ‍ॅक्शन

बहुतेक बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलींत काडतूस आत-बाहेर करणाऱ्या बोल्टचा दांडा उजव्या अंगाला असतो. उजव्या हाताच्या माणसाला ते जाणवतसुद्धा नाही. मी डावखुरी. रायफल डाव्या खांद्याला, चापावर डावं बोट, आणि प्रत्येक बारानंतर डावा हात वरून पलीकडे नेऊन बोल्ट उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, मग गाल पुन्हा दस्त्यावर टेकवून निशाण शोधायचं. कागदी निशाणावर सावकाश एकेक गोळी मारायची असेल तर हे चालून जातं. डावखुऱ्यांसाठीच्या बोल्ट रायफली निघतात, पण त्यांत निवडीला फारसा वाव नसतो. शिवाय मला स्पर्धेत उतरायचं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी रेंजवर जावं, लोखंडी चकत्या टणटण वाजवाव्यात, थोडा नेम सुधारावा, एवढीच हौस.

क्लबमधल्या एका वयस्कर नेमबाजांनी माझी ही कसरत काही दिवस पाहिली आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही लिव्हर का नाही चालवून बघत? तिला डावं-उजवं कळत नाही."

लिव्हर-अ‍ॅक्शनमध्ये चापाभोवतीचं कडं हेच लिव्हर. बार झाला की ते खाली-पुढे ढकलायचं. त्यासरशी बोल्ट मागे येतो, रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि घोडा, म्हणजे काडतूस पेटवणारी हातोडी, चढतो. कडं परत वर ओढलं की मॅगझिनमधून, म्हणजे काडतुसं साठवणाऱ्या वेगळ्या नळीतून, आलेलं नवं काडतूस बाराच्या नळीच्या मागच्या टोकाला, चेंबरमध्ये, बसतं. हे सगळं चापाच्याच हाताने, दस्ता खांद्यावरून न हलवता. रायफलीच्या मधोमध असलेलं लिव्हर दोन्ही हातांना सारखंच.

त्यांचं म्हणणं तीन चतुर्थांश खरं निघालं. उरलेला एक चतुर्थांश पुंगळीचा. डाव्या खांद्यावर रायफल लावली की तोंड रायफलीच्या उजव्या बाजूला येतं आणि आजच्या जवळपास सगळ्या लिव्हर रायफली पुंगळी उजवीकडेच फेकतात. म्हणजे ती माझ्या नाकासमोरून जाते. लिव्हर हळू चालवलं तर गरम पुंगळी उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला पडते, जोरात चालवलं तर दूर उडते. विंचेस्टरच्या जुन्या ९४ मॉडेलमध्ये पुंगळी सरळ वर उडायची, तो प्रकार डावखुऱ्यांना उलट बरा. पण वरून उघड्या रायफलीवर दुर्बीण नीट बसत नाही, म्हणून १९८०च्या दशकात तीही पुंगळी तिरकी फेकू लागली. मार्लिन या दुसऱ्या कंपनीने मात्र १८८९पासूनच माथा बंद आणि खिडकी उजवीकडे ठेवली होती. मी लांब बाह्यांचा शर्ट घालते आणि बाजूनेही झाकणारा गॉगल लावते. पुंगळी क्वचित फाटते, तेव्हा वायू त्याच खिडकीतून बाहेर येतो आणि माझा डोळा नेमका त्या बाजूला असतो, त्यामुळे गॉगलशिवाय मी रेंजवर उभीही राहत नाही.

लिव्हर ठरलं, आता कॅलिबर, म्हणजे काडतुसाचं माप. इथे लोक वाहवत जातात, कारण लिव्हर-अ‍ॅक्शन म्हटलं की घोडेस्वार, धूळ आणि पितळी रिसीव्हर (यंत्रणेचा मधला सांगाडा) डोळ्यांपुढे येतो आणि माणूस पहिल्या झटक्यात .४५-७०सारखं दणकट काडतूस मागून बसतो. मी आधी ओळखीच्यांच्या रायफली चालवून पाहायच्या ठरवल्या. रेंजवरची मंडळी यात उदार असतात. विचारायचा अवकाश, रायफल आणि मूठभर काडतुसं पुढे करतात.

सुरुवात .३०-३०ने झाली, तीही ९४ मॉडेलच्या रायफलीवर. जॉन ब्राउनिंग यांचं हे १८९४चं डिझाइन. पुढच्याच वर्षी त्यात धूरविरहित दारूचं .३०-३० काडतूस आलं आणि अशा सत्तर लाखांहून अधिक रायफली बनल्या. हातात घेतली की कारण कळतं. रिसीव्हर चपटा, वजन बरोबर मधोमध. एका हाताने रिसीव्हरखाली धरून दिवसभर हिंडता येईल. आणि बाराचा आवाजही अंगात भिनणारा. सुमारे १५० ग्रेनची, म्हणजे दहा ग्रॅमला थोडी कमी वजनाची गोळी सेकंदाला ७०० मीटरहून जास्त वेगाने निघते. हलक्या रायफलीत त्याचा धक्का खांद्याला चांगला कळतो, आणि दस्त्याचं टोक अरुंद असल्याने तो एकाच जागी बसतो.

पहिल्या काही गोळ्या मजेत गेल्या. मग निशाणावरच्या छिद्रांचा गट सैल होऊ लागला. रायफल ज्यांची होती त्यांनी काही न बोलता ती माझ्याकडून घेतली, पाठ वळवून भरली आणि परत दिली. मी नेम धरला, चाप ओढला, नुसताच ‘टक्’ आवाज आला. त्यांनी मधे एक डमी काडतूस घातलं होतं. धक्का नाही, धूर नाही, तरी नळीचं टोक खाली डुबकी मारून आलं आणि माझे डोळे मिटलेले होते. शरीर धक्क्याची वाट पाहत होतं. डमी काडतुसाची ही परीक्षा कुणीही कुठल्याही रायफलीवर करावी. कोणतं कॅलिबर आपल्याला झेपतं हे ती पुस्तकी कोष्टकांपेक्षा लवकर सांगते. शिकारीला एक-दोन गोळ्या झाडायच्या असतील तर .३०-३०चा धक्का काहीच नाही. मला एका बैठकीत शंभराच्या पुढे झाडायच्या होत्या.

खरा मोह झाला .३५७ मॅग्नमचा. हे मुळात रिव्हॉल्व्हरचं काडतूस. ज्या रायफलीत .३५७ चालतं तिच्यात .३८ स्पेशलही चालतं, कारण गोळीचा व्यास एकच, फक्त .३८ची पुंगळी साधारण साडेतीन मिलिमीटरने आखूड. उलटं मात्र चालत नाही: .३८च्या चेंबरमध्ये .३५७ बसू नये म्हणूनच तर .३५७ची पुंगळी लांब केली. लांब नळीमुळे .३५७ला रायफलीत भरपूर जास्तीचा वेग मिळतो. रिव्हॉल्व्हरमधून सेकंदाला चारशे मीटरच्या आसपास निघणारी गोळी इथे पाचशेच्या पुढे जाते. आणि तीच रायफल .३८ स्पेशलने भरली तर धक्का जवळजवळ नाहीसा होतो. जुन्या १८९२ मॉडेलच्या धर्तीवरची ती छोटी कार्बाइन .३८ भरून चालवताना मला हसू आवरेना. लिव्हरचा प्रवास लोण्यासारखा, चकती पडायच्या आत पुढचं काडतूस तयार. रिसीव्हरच्या उजव्या अंगाला भरायचं झाकण असतं. डावा हात मुठीवर तसाच ठेवून उजव्या हाताने एकेक काडतूस आत सरकवता येतं. इथे एकदाची डावखुऱ्यांची सोय झालेली दिसली.

मग मी ती का घेतली नाही? हिशेब केला म्हणून. .३८, .३५७सारख्या सेंटरफायर, म्हणजे बुडाच्या मध्यावर पेटणाऱ्या, काडतुसाची किंमत .२२च्या कित्येक पट असते. जे पुंगळ्या गोळा करून घरी पुन्हा भरतात त्यांना हा फरक झेपतो आणि त्यांच्यासाठी .३८/.३५७ हीच उत्तम निवड आहे, हे मी आजही म्हणेन. पण पुंगळ्या धुणं, प्रायमर (दारू पेटवणारी छोटी टोपी) बसवणं, दारू तोलणं हा स्वतंत्र छंद आहे, त्याला जागा हवी आणि मन लावून काम करायची सवय हवी. मला नेमबाजीच करायची होती. आखूड .३८ सतत झाडली की चेंबरमध्ये पुढच्या बाजूला काजळीचं कडं जमतं आणि मग लांब .३५७ अडकू लागतं, ते घासणं आलंच. काही रायफली .३८ची आखूड काडतुसं कुरकुरत वर घेतात, तेही पाहायला हवं. शिवाय आमच्या रेंजच्या बंदिस्त भागात फक्त रिमफायर, म्हणजे .२२सारखं बुडाच्या कडेवर पेटणारं काडतूस, चालतं. पावसाळी दिवशी घरी बसायचं की बार काढायचे, हा प्रश्न त्या एका नियमाने सोडवला.

तर .२२ लाँग रायफल. ४० ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमच्या आसपासची गोळी. "एवढीशी?" असं म्हणणारे भेटले. एकाने तर "ही पोरांची रायफल" असंही सुनावलं. मी त्यांना पन्नास मीटरवर उभ्याने, टेका न घेता, हाताएवढी चकती सलग पाच वेळा वाजवायला सांगते. पन्नास मीटरवर शून्य लावलेली, म्हणजे त्या अंतरावर नेम आणि गोळी जुळवलेली, .२२ शंभर मीटरवर पंधरा-वीस सेंटिमीटर खाली जाते, वारा तिला सहज ढकलतो. म्हणजे नेम आणि अंदाज दोन्हींचा कस लागतो, फक्त खांदा वाचतो. ती खेळणं मात्र नव्हे. सुटी .२२ गोळी दीड-दोन किलोमीटर जाऊ शकते. मागे मातीचा भराव नसेल तिथे ती झाडायची नाही. रायफल ठेवायचे आणि परवान्याचे नियम ज्याच्या त्याच्या ठिकाणचे, ते खरेदीआधीच पाहून घ्यावेत.

.२२ घेतल्याने नळीच्या मॅगझिनची एक चिंताही आपोआप मिटली. बहुतेक लिव्हर रायफलींत काडतुसं बाराच्या नळीखालच्या मॅगझिनमध्ये एकामागे एक ओळीने असतात, मागच्या गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकलेलं. सेंटरफायर काडतुसात प्रायमर बुडाच्या बरोबर मध्ये असतो. तिथे टोकदार कठीण गोळी असेल आणि धक्क्याने दाब बसला, तर ती मॅगझिनमध्येच प्रायमर पेटवू शकते. म्हणूनच अशा रायफलींत सपाट नाकाच्या गोळ्या वापरतात. हॉर्नेडी या काडतूस कंपनीने पुढे मऊ लवचीक टोकाच्या गोळ्या काढल्या त्या याच अडचणीवर. काही लिव्हर रायफली वेगळ्या: सॅव्हेज ९९मध्ये फिरतं मॅगझिन होतं, ब्राउनिंग बीएलआरमध्ये पेटीचं असतं, तिथे टोकदार गोळी चालते. .२२ रिमफायरमध्ये पेटणारा मसाला बुडाच्या कडेत असतो, मध्ये काही नसतं, त्यामुळे हा प्रश्नच उरत नाही.

आता .२२ लिव्हरमध्ये कोणती? नावं मोजकीच होती. मार्लिन ३९ए, जिचं मूळ १८९१च्या मॉडेलपर्यंत जातं. बाजूचा एक मोठा स्क्रू नाण्याने फिरवला की रायफल दोन तुकड्यांत सुटते आणि नळी मागच्या बाजूने साफ करता येते. मार्लिन २००७मध्ये रेमिंग्टनकडे आणि २०२०मध्ये रुगरकडे गेली. मी शोधत होते तेव्हा ३९ए जुन्या बाजारातच दिसायची. विंचेस्टर ९४२२ ही १९७२ ते २००५ बनली, आता संग्राहक तिच्यावर डोळा ठेवून असतात आणि भाव तसाच सांगतात. नव्यात हेन्रीची एच००१ आणि ब्राउनिंगची बीएल-२२.

हेन्रीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण दुकानात हटकून ऐकायला मिळते. "ही १८६०पासूनची कंपनी" असं विक्रेता छातीठोकपणे सांगतो. बेंजामिन टायलर हेन्री यांची १८६०ची रायफल बनवली न्यू हेवन आर्म्स कंपनीने. ती कंपनी ऑलिव्हर विंचेस्टर यांची होती आणि १८६६मध्ये तिचं नाव विंचेस्टर झालं. आजची हेन्री कंपनी १९९०च्या दशकातली, नाव आदराने घेतलेलं. रायफल चांगली असेल तर ती तेवढ्यावरच चांगली असते, वंशावळ कशाला लागते? एच००१ मला आवडलीच. लिव्हर मऊ, वजन अडीच किलोच्या आत, पंधरा काडतुसं मावतात. फक्त दस्ता मला लांब पडला.

दस्त्याच्या मागच्या टोकापासून चापापर्यंतचं अंतर बहुतेक रायफलींत साडेतेरा ते चौदा इंच असतं. माझी उंची बेताची, हात आखूड. लांब दस्ता लावला की मान पुढे ताणली जाते, डावा कोपर वर उचलला जातो आणि लिव्हर पूर्ण खाली ढकलताना दस्ता खांद्यावरून निसटतो. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण लिव्हर अर्धवट चाललं की पुंगळी निघते पण नवं काडतूस वर येत नाही, किंवा मधेच तिरकं अडकतं. दुकानात रायफल हातात घेताना लोक नेम धरून बघतात; मी डोळे मिटून खांद्याला लावायची, डोळे उघडायचे आणि माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, कुठे दिसते ते पाहायचं. मग, आधी चेंबर आणि मॅगझिन रिकामं आहे हे बोट घालून खात्री करून, विक्रेत्याची परवानगी घेऊन, लिव्हर दहा-बारा वेळा पूर्ण चालवायचं. डोळे उघडताच माशी सरळ समोर आणि दस्ता खांद्यावरून न हललेला, असं ज्या रायफलीत झालं ती माझ्या मापाची. हेन्रीची मुलांसाठीची आखूड आवृत्ती, तेरा इंच दस्त्याची, मापाला छान बसली, पण नळी सोळा इंची असल्याने पुढून फार हलकी वाटली. उभ्याने माशी नाचायची.

३९ए बरोबर उलट. तीन किलोच्या आसपास वजन, लांब नळी, माशी एकदा निशाणावर आली की तिथेच थांबायची. अर्धा तास. त्यानंतर माझा हात थरथरू लागे. तरीही एक जुनी घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. जुन्या बाजारात बऱ्याच .२२ रायफली पाहिल्या, त्यावरून एवढं सांगते: स्क्रूंच्या डोक्यांवर नजर टाका, खाचा कुरतडलेल्या असतील तर कुणीतरी नको तिथे हात घातलाय. मॅगझिनची नळी बोटांनी चाचपून पोचा शोधा. आणि टॉर्च लावून चेंबरची कड पाहा. रिमफायर रायफल रिकामी असताना पुन्हा पुन्हा चाप ओढला तर फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर आपटणारी सुई) चेंबरच्या कडेवर आपटून तिथे खड्डा पाडू शकते; मग पुंगळ्या बाहेर यायला चिकटतात. मी बघितलेल्या एका देखण्या रायफलीत, तेल पुसल्यावर, घड्याळात बाराच्या जागी नखाच्या टोकाएवढी खूण स्पष्ट दिसली. विक्रेत्याला दाखवली. तो म्हणाला, "चालवताना काही कळत नाही हो." ठेवून दिली.

शेवटी बीएल-२२ घेतली. कारण लिव्हर. बाकीच्या रायफलींत लिव्हर बरंच खाली जातं, हिचं केवळ ३३ अंश फिरतं, आणि चाप लिव्हरसोबतच खाली जातो, त्यामुळे बोट चापाच्या आणि कड्याच्या मधे चिमटण्याचा प्रश्न नाही. मनगट हलवलं की काम झालं. वजन सव्वादोन किलोच्या आसपास, नळी वीस इंची, दस्ता माझ्या हातात मावणारा. लिव्हर रायफल टेबलावरून चालवायची तर पुढच्या टेक्याची उंची वाढवावी लागते, नाहीतर लिव्हर टेबलावर आपटतं. पोटावर झोपून चालवणं तर नावालाच. लिव्हरचा फेरा छोटा असल्याने हा त्रासही पुष्कळ कमी झाला. चापाबद्दल म्हणायचं तर लिव्हर रायफलीकडून स्पर्धेच्या रायफलीच्या चापाची अपेक्षा धरू नये. सरावाने कळतं तो कुठे सुटतो ते.

चढलेला घोडा न उडवता खाली आणणं हा एकच भाग मला अजून आवडत नाही. लिव्हर रायफलींत बार काढायचा नसेल तर घोडा अंगठ्याने घट्ट धरून, चाप दाबून, सावकाश सोडावा लागतो. अंगठा घामेजलेला असेल तर धोका. मी ते टाळते. नळीचं टोक भरावाकडे ठेवून लिव्हर उघडते, काडतूस बाहेर काढते आणि रायफल उघडीच टेबलावर ठेवते. बार संपल्यावर आतली पितळी नळी पूर्ण बाहेर ओढून मॅगझिन उलटं करायचं, मग लिव्हर तीन-चार वेळा चालवून चेंबर बोटाने चाचपायचं. मॅगझिनच्या तळाशी एखादं काडतूस चिकटून राहतं आणि रिकामी समजलेली रायफल भरलेली निघते, असं होऊ शकतं.

मग आला डोळ्यांचा प्रश्न, आणि रायफल निवडण्याइतकाच वेळ त्याने खाल्ला. माझं वय चाळिशीच्या चष्म्याच्या बरंच पुढे. लिव्हर रायफलींवर मागची साइट, म्हणजे माशी जिच्यात बसवून नेम धरायचा ती खाच, नळीवर असते, डोळ्यापासून चाळीसेक सेंटिमीटरवर, म्हणजे नेमकं वाचायला त्रास होतो त्या अंतरावर. माशी स्पष्ट पाहावी तर मागची खाच लोकरीचा गुंता, खाच पाहावी तर माशी गायब, आणि निशाण तर या भांडणात कुठेच नाही. वर प्रोग्रेसिव्ह चष्मा. गाल दस्त्यावर टेकवला की डावा डोळा भिंगाच्या मधून पाहत नाही. नाकाजवळच्या वरच्या कोपऱ्यातून पाहतो, आणि तिथे नंबर भलताच असतो.

दुर्बीण हा सरळ उपाय होता. पण लिव्हर रायफलीचा दस्ता खाली उतरता असतो, दुर्बिणीला डोळा लावायला गाल उचलावा लागतो, घोडा चढवायला दुर्बिणीखालून अंगठा पोचत नाही म्हणून घोड्याला बाजूची कांडी जोडावी लागते, आणि रिसीव्हरखाली धरायची जी गंमत तीच जाते. मी पीप साइट बसवली. रिसीव्हरच्या माथ्यावरच्या खाचेत बसणारी, मध्ये बारीक भोक असलेली चकती. तिच्याकडे पाहायचं नसतं, तिच्यातून पाहायचं. बारीक भोकातून पाहिलं की डोळ्याला जवळचं आणि दूरचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं, आणि डोळा आपोआप प्रकाशाच्या मध्यावर जाऊन बसतो. फक्त माशी निशाणावर ठेवायची. मागची साइट डोळ्याजवळ आल्याने दोन साइटींमधलं अंतरही वाढलं, त्यामुळे नेमातली बारीक चूक लगेच दिसते. चष्म्याच्या डॉक्टरांकडून नेमबाजीसाठी एक वेगळा, एकाच नंबरचा चष्मा करून घेतला: डाव्या भिंगात दूरच्या नंबरात अधिक अर्धा मिळवलेला, म्हणजे माशी लख्ख आणि निशाण किंचित मऊ. त्यांना आधी घरी मोजपट्टीने डोळ्यापासून माशीपर्यंतचं अंतर मोजून नेऊन दिलं होतं, तो आकडा नंबर ठरवताना उपयोगी पडला.

पीप बसवल्यावर गोळ्या वर लागू लागल्या, आणि साइट पूर्ण खाली आणूनही पन्नास मीटरवर बारा सेंटिमीटर उरलेच. गोळी खाली आणायची तर मागची साइट खाली करायची किंवा पुढची माशी उंच करायची. किती उंच, याचं गणित सोपं आहे: निशाणावरचा फरक गुणिले दोन साइटींमधलं अंतर, भागिले निशाणाचं अंतर. १२० मिलिमीटर गुणिले ६०० मिलिमीटर, भागिले ५०,००० मिलिमीटर. म्हणजे दीड मिलिमीटरला थोडं कमी. तेवढी उंच माशी मागवली, पितळी मण्याऐवजी सपाट काळी, कारण उन्हात मण्याच्या एका बाजूला चमक येते आणि नेम चमकेच्या विरुद्ध बाजूला सरकतो.

उरला काडतुसांचा भाग. रिमफायर रायफली काडतुसांच्या बाबतीत फार नखरेल असतात आणि कुठलं आवडेल ते आधी सांगता येत नाही. वेगवेगळ्या प्रकारांचे छोटे डबे घेतले, टेक्यावरून पाच-पाच गोळ्यांचे गट काढले, प्रत्येक प्रकारानंतर पुढच्याच्या पहिल्या काही गोळ्या मोजल्या नाहीत, कारण नळीत आधीच्या गोळ्यांचं मेण असतं. ध्वनीपेक्षा कमी वेगाची साधी काडतुसं बहुतेक वेळा वेगवानांपेक्षा घट्ट बसली. वेगवान गोळी ध्वनीच्या वेगाहून, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरहून, जास्त वेगाने निघते आणि वाटेत त्याखाली उतरताना डगमगते, असं त्याचं स्पष्टीकरण देतात. चकती वाजवायला हा फरक नगण्य. पण कागदावर एकाच प्रकाराचे गट वारंवार नाण्याखाली झाकले जात होते. त्याच प्रकाराचे, डब्यावर तोच लॉट नंबर छापलेले जितके डबे दुकानात होते तितके उचलले, कारण पुढच्या लॉटमध्ये रायफलीची आवड बदलू शकते. वरच्या डब्यावर मार्करने पीप साइटचा आकडा लिहून ठेवलाय.